आधुनिक चिनी साहित्याचे मूळ भाषेतून वाचन

आधुनिक चिनी साहित्य म्हणजे स्थूलमानाने १९१७ नंतर 'पायह्वा' या बोलभाषेवर आधारलेल्या लेखी भाषेत निर्माण झालेले चिनी साहित्य. चिनी वाङ्मयेतिहासात १९४९ पर्यंतच्या साहित्याला 'श्येनताय' (आधुनिक) आणि त्यानंतरच्या साहित्याला 'तांगताय' (समकालीन) असे म्हणण्याचा प्रघात आहे; प्रस्तुत लेखात दोन्ही कालखंडांचा विचार केला आहे. चिनी भाषेचा विद्यार्थी प्राथमिक पाठ्यपुस्तके संपवून या साहित्याकडे वळतो, तेव्हा त्याला येणाऱ्या अडचणी केवळ अनोळखी अक्षरांच्या नसतात. या साहित्याची भाषा गेल्या शंभर वर्षांत घडत आणि बदलत गेली असल्यामुळे प्रत्येक पुस्तक भाषेच्या वेगळ्या थरातून आलेले असते. हातातले पुस्तक कोणत्या थरातले आहे आणि त्याची कोणती आवृत्ती आपण वाचत आहोत, हे ओळखणे हा अशा वाचनातील महत्त्वाचा भाग होय.

लिप्यंतराविषयी

चिनी नावांचे देवनागरी लेखन बहुधा रोमन लिपीवरून केले जाते आणि त्यामुळे उच्चार बिघडतात. 'फिनयिन' (रूढ लेखन पिनयिन) या चिनी रोमन लेखनपद्धतीत ज्या ध्वनीसाठी रोमन 'ब' योजला आहे, तो ध्वनी प्रत्यक्षात मराठी 'प'च्या जवळचा आहे. रोमन 'प' हा मराठी 'फ'च्या मूळ, ओठ पूर्ण मिटून केलेल्या उच्चाराजवळ जातो. म्हणून 'बा जिन' असे छापले जाणारे नाव 'पा चिन' असे लिहिणे उच्चाराला अधिक धरून आहे. अल्पप्राण व महाप्राण हा भेद मराठी भाषकाला लहानपणापासून अवगत असतो. तसेच 'चाक' आणि 'चार' यांतील दोन वेगळे 'च' मराठीत असल्यामुळे चिनीतील तत्सम भेदही त्याला परका वाटत नाही. इंग्रजीच्या आधाराने चिनी शिकताना हा जन्मजात लाभ अनेकदा वाया जातो. सुरावट, म्हणजे प्रत्येक अक्षराचा चढता, उतरता वा सम स्वर, मात्र देवनागरीत दाखवता येत नाही. या लेखात काही सुप्रसिद्ध नावे रूढ रूपात ठेवली आहेत आणि ग्रंथांची नावे अर्थानुसार मराठीत दिली आहेत.

भाषेची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चीनमधील राज्यकारभार, इतिहासलेखन, निबंध आणि प्रतिष्ठित काव्य यांची भाषा 'वनयेन' ही अभिजात चिनी होती. ती बोलली जात नसे. लिहिली व वाचली जात असे. शासकीय सेवेसाठीच्या परीक्षा याच भाषेत होत. बोलभाषेवर आधारलेली पायह्वा सोळाव्या-सतराव्या शतकांपासूनच्या कादंबऱ्यांत नांदत होती. 'माकडराजाची कथा' म्हणून इतरत्र परिचित असलेले 'पश्चिमेची यात्रा' किंवा अठराव्या शतकातील 'लाल महालाचे स्वप्न' ही तिची ठळक उदाहरणे. परंतु कादंबरी हा त्या काळी गंभीर वाङ्मयप्रकार मानला जात नव्हता. सर्व मराठी गद्य जर १९१७ पर्यंत संस्कृतात लिहिले गेले असते आणि मराठी केवळ करमणुकीच्या पोथ्यांपुरती उरली असती, तर काहीसे असेच चित्र दिसले असते. ही तुलना फार ताणता येत नाही, कारण वनयेन आणि पायह्वा यांची लिपी व बराचसा शब्दसंग्रह समान आहे. तो तसा समान असल्यामुळेच एक भाषा दुसरीत सहज झिरपते आणि विद्यार्थी गोंधळतो.

शासकीय परीक्षा १९०५ मध्ये रद्द झाल्या. जानेवारी १९१७ मध्ये हू शी (१८९१–१९६२) यांनी 'नवतरुण' या मासिकात वाङ्मयसुधारणेविषयी आठ सूत्रे मांडणारा लेख लिहिला आणि पुढच्याच महिन्यात संपादक छन तूशिऊ यांनी 'वाङ्मयीन क्रांती'ची हाक दिली. १९१९ च्या ४ मे रोजी बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांनी केलेल्या निदर्शनांनंतर या भाषिक चळवळीस मोठा वेग आला. १९२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन इयत्तांत वनयेनऐवजी बोलभाषेतून शिक्षण देण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी नव्या विरामचिन्हांसही शासकीय मान्यता मिळाली. ज्या भाषेत हे साहित्य लिहिले गेले, ती लेखकांच्या हातून लिहिता लिहिताच घडत होती.

एका कथेत दोन भाषा

लू शुन (मूळ नाव चौ शूरन, १८८१–१९३६) यांची 'वेड्याची रोजनिशी' ही कथा मे १९१८ मध्ये 'नवतरुण'मध्ये प्रसिद्ध झाली. लू शुन हे टोपणनाव त्यांनी याच कथेसाठी प्रथम वापरले. आपल्या भोवतीची माणसे नरभक्षक आहेत, अशी खात्री झालेल्या एका माणसाच्या रोजनिशीतील तेरा नोंदी म्हणजे ही कथा. ती पायह्वात आहे. परंतु तिच्या आरंभी एक छोटी प्रस्तावना आहे आणि ती वनयेनमध्ये लिहिलेली आहे. रोजनिशीचा लेखक आता बरा झाला असून शासकीय पदाच्या प्रतीक्षेत अन्यत्र गेला आहे, अशी माहिती त्या प्रस्तावनेत मिळते.

शहाण्या जगाची भाषा वनयेन आणि वेड्याची भाषा पायह्वा, ही मांडणी कथेचा निम्मा अर्थ आहे. भाषांतरात प्रस्तावना आणि रोजनिशी एकाच भाषेत येतात. भाषांतरकार फार तर प्रस्तावना थोडी जड शैलीत लिहितो. मुळात मात्र प्रस्तावना संपून पहिली नोंद सुरू होताच वाक्यांची लांबी, सर्वनामे, अव्यये, सारेच बदलते. ज्याने वनयेनचे थोडेसेही शिक्षण घेतले आहे, त्याला हा बदल पान उलटण्याआधीच जाणवतो. प्रस्तावना 'कठीण' म्हणून गाळून थेट रोजनिशी वाचण्याचा सल्ला विद्यार्थ्यांना दिला जातो. तो सोयीचा असला तरी चुकीचा आहे.

लू शुन यांचीच 'खोंग इची' (१९१९) ही कथा जेमतेम अडीच हजार अक्षरांची आहे आणि तिचा विषयच भाषा हा आहे. लूचन गावच्या मद्यगृहात आखूड अंगरख्याचे कष्टकरी उभ्याने पितात, लांब झग्याचे प्रतिष्ठित लोक आत बसून पितात. खोंग इची हा लांब झगा घालून उभ्याने पिणारा एकमेव माणूस. परीक्षेत नापास झालेला, पोटासाठी ग्रंथांच्या नकला करणारा, प्रसंगी चोरी करणारा हा गृहस्थ बोलताना वनयेनमधील अव्ययांची पखरण करतो आणि लोक हसतात. गल्ल्यावरच्या पोराला तो बडीशेपेच्या स्वादाच्या शेंगदाण्यासारख्या घेवड्याच्या नावातले एक अक्षर लिहायला शिकवू पाहतो. त्यातील एका घटकाच्या चार लेखनपद्धती आपल्याला ठाऊक आहेत, हा त्याचा अभिमान असतो. अक्षरे घोटत असलेल्या परदेशी विद्यार्थ्याला या प्रसंगात स्वतःचेच व्यंगचित्र दिसल्यास नवल नाही. त्याच्या तोंडची जड वाक्ये आणि भोवतालच्या माणसांची साधी वाक्ये यांतील अंतर कानाला कळू लागले, म्हणजे कथा कळू लागली असे समजावे.

अक्षरसंख्या आणि शब्दज्ञान

'किती अक्षरे आली म्हणजे कादंबरी वाचता येते?' हा नेहमीचा प्रश्न आहे. १९८८ मध्ये चीनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आधुनिक चिनीतील नित्योपयोगी अक्षरांच्या सूचीत ३,५०० अक्षरे आहेत. त्यांपैकी पहिली २,५०० अक्षरे सामान्य मजकुराचा सुमारे ९८ टक्के भाग व्यापतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या नऊ पातळ्यांच्या मानकात ३,००० अक्षरे आणि ११,०९२ शब्द आहेत. लाओ श यांची 'उंटवाला श्यांगत्स' ही एक लाखाहून अधिक अक्षरांची कादंबरी सुमारे २,४०० वेगवेगळ्या अक्षरांत लिहिली गेली आहे, असे मोजणी सांगते.

या आकड्यांनी हुरळून जाणे योग्य नव्हे. ९८ टक्के अक्षरे येत असली तरी दर पन्नास अक्षरांत एक अडते, आणि पाचशे अक्षरांच्या पानावर अशी दहा ठिकाणे येतात. शिवाय अक्षर येणे म्हणजे शब्द येणे नव्हे. 'तोंग' म्हणजे पूर्व आणि 'शी' म्हणजे पश्चिम हे ठाऊक असूनही 'तोंगशी' म्हणजे वस्तू हे स्वतंत्रपणे शिकावे लागते. 'मा' घोडा आणि 'हू' वाघ, पण 'माहू' म्हणजे निष्काळजी. चिनी लेखनात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे कोणते अक्षर मागच्याशी जोडायचे आणि कोणते पुढच्याशी, हे वाचकाने ठरवायचे असते. व्यक्तिनामे ओळखण्याचीही वेगळी खूण नसते. जुन्या छापील पुस्तकांत व्यक्ती व स्थळे यांच्या नावांशेजारी रेघ देत असत. आजच्या सर्वसाधारण कथासंग्रहांत ती आढळत नाही. परिणामी एखादा नवखा वाचक पात्राच्या नावाचा अर्थ शब्दकोशात शोधत बसतो.

व्याकरण वरकरणी सोपे आहे. क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष यांचे विकार होत नाहीत आणि काळही रूपातून व्यक्त होत नाही. क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, एवढे प्रत्ययसदृश शब्दांनी दाखवले जाते. यू हुआ (जन्म १९६०) यांच्या सुप्रसिद्ध कादंबरीचे नाव 'ह्वोच' असे आहे. 'ह्वो' म्हणजे जगणे आणि 'च' हा स्थिती टिकून असल्याचा दर्शक. सर्व कुटुंब गमावलेला, म्हाताऱ्या बैलासोबत शेत नांगरणारा फूक्वेइ आपली कहाणी सांगतो; नावाचा अर्थ 'जगणे' यापेक्षा 'जगत राहणे' या मराठी शब्दयोजनेने अधिक उतरतो. एका अक्षराचे हे व्याकरण समजले की कादंबरीचा सूर कळतो.

१९२०–१९४९: अस्थिर लेखनाच्या खुणा

या कालखंडातील मूळ मजकूर वाचताना पाठ्यपुस्तकातील नियम मोडलेले दिसतात. त्यांतील पुष्कळसे मुद्रणदोष नसून भाषा स्थिरावण्यापूर्वीच्या खुणा आहेत.

सर्वनामांचे उदाहरण बोलके आहे. चिनी बोलण्यात तो, ती, ते या तिन्हींसाठी 'था' हाच उच्चार आहे आणि पूर्वी लेखनातही एकच अक्षर होते. पाश्चात्त्य साहित्याची भाषांतरे होऊ लागल्यावर 'ती'साठी वेगळे चिन्ह हवे असे वाटू लागले. कवी व भाषाभ्यासक लिऊ पाननोंग यांनी 'स्त्री' हा घटक असलेले अक्षर पुरस्कारिले आणि १९२० मध्ये कवितेत वापरून रूढ केले. लू शुन यांच्या आरंभीच्या कथांत मात्र 'ती'साठी 'ई' हे निराळेच सर्वनाम येते. उच्चार समान आणि लेखन भिन्न असल्यामुळे नाटक ऐकताना जो संदेह राहतो, तो छापील संहितेत राहत नाही. क्रियापदावरून लिंग ओळखण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाने हे ध्यानात ठेवावे. 'ते' या षष्ठीदर्शक शब्दासाठी या काळात दोन-तीन अक्षरे आलटून पालटून येतात, तर 'तो' आणि 'कोणता' या अर्थांच्या 'ना'साठी पुष्कळदा एकच अक्षर असते. अशा वेळी वाक्य प्रश्नार्थक आहे की नाही, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

नातेवाचक शब्द

इंग्रजी भाषांतरातून चिनी कौटुंबिक कादंबरी वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो, कारण इंग्रजीत काका, मामा, मावसा यांना एकच शब्द आहे. चिनीत तसे नाही. वडिलांचा थोरला भाऊ 'पोपो', धाकटा 'शूशू', आईचा भाऊ 'च्यिऊच्यिऊ', वडिलांची बहीण 'कूकू', आईची बहीण 'ईमा'. मराठीत काका, मामा, आत्या, मावशी हे भेद सहज येतात. थोरला व धाकटा काका यांत मात्र चिनी मराठीहूनही काटेकोर आहे. चुलत भावंडांना 'थांग' आणि आते-मामे-मावस भावंडांना 'प्याव' हे उपपद लागते.

पा चिन (१९०४–२००५) यांची 'कुटुंब' ही कादंबरी १९३१ पासून शांघायच्या वृत्तपत्रात क्रमशः आणि १९३३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सछ्वान प्रांतातील छंगतू येथील एका सधन एकत्र कुटुंबातील तीन भावांची ही कथा आहे. थोरल्या च्युएशिनचे मन जिच्यावर जडलेले असते ती मेइ आणि मधल्या च्युएमिनची प्रेयसी छिन या दोघीही नात्याने 'प्याव' आहेत. छिन ही आतेबहीण. जुन्या चिनी समाजात एका आडनावाच्या, म्हणजे 'थांग' नात्यातील, विवाहास मज्जाव होता. 'प्याव' नात्यातील विवाह चालत असे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाह रूढ असल्यामुळे येथील वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. घरातील माणसे एकमेकांना नावाऐवजी क्रमांकाने व नात्याने हाक मारतात, ही रीतही ओळखीची आहे. कादंबरीची भाषा सोपी, किंचित भावनाप्रधान आहे. पात्रे फार असल्यामुळे वंशवृक्ष लिहून ठेवलेला बरा.

लाओ श आणि आवृत्त्यांचा प्रश्न

लाओ श (१८९९–१९६६) हे बीजिंगच्या एका गरीब मान्चू घरात जन्मले. १९२४ ते १९२९ या काळात ते लंडनमधील प्राच्यविद्या संस्थेत चिनी भाषा शिकवत होते आणि तेथे लिंग्वाफोन या कंपनीच्या चिनी भाषावर्गाच्या ध्वनिमुद्रिकांसाठी त्यांनी आपला आवाज दिला. भाषा शिकणाऱ्यांपुढे काय अडचणी येतात, हे प्रत्यक्ष जाणणारा हा थोर कादंबरीकार होता. त्यांचे गद्य बीजिंगच्या बोलीत आहे: शब्दान्ती जिभेला बाक देणारा 'अर', गल्लीबोळांतील शब्द, रिक्षावाल्यांची व्यावसायिक भाषा. मोठ्याने वाचल्याशिवाय ते नीट समजत नाही.

'उंटवाला श्यांगत्स' ही कादंबरी १९३६–३७ मध्ये नियतकालिकातून क्रमशः आली. स्वतःच्या मालकीची रिक्षा असावी एवढीच इच्छा बाळगणाऱ्या तरुण रिक्षावाल्याचा क्रमाक्रमाने होणारा ऱ्हास हा तिचा विषय. सैनिकांच्या तावडीतून सुटताना तो तीन उंट घेऊन निघतो, म्हणून त्याला हे टोपणनाव पडते. १९४५ मध्ये अमेरिकेत इव्हन किंग यांनी केलेले इंग्रजी भाषांतर अतिशय खपले. पण त्यात शेवट सुखान्त केला होता. मुळात श्याव फूत्स ही तरुणी गळफास लावून घेते आणि श्यांगत्स माणूसपण हरवून बसतो. भाषांतरात तो तिला सोडवून नेतो. अनेक वर्षे परदेशी वाचकांनी जी कादंबरी वाचली, ती लेखकाने लिहिलीच नव्हती.

मूळ भाषेतून वाचले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. चीनमध्येच १९५५ मध्ये निघालेल्या आवृत्तीतून तेविसाव्या प्रकरणाचा उत्तरार्ध आणि संपूर्ण चोविसावे प्रकरण वगळण्यात आले. श्यांगत्सचे पूर्ण अधःपतन याच भागात आहे. नव्या राजवटीत कष्टकरी नायकाचा असा शेवट सोयीचा नव्हता. पा चिन यांनीही 'कुटुंब'मध्ये वेळोवेळी फेरफार केले. त्यामुळे १९५० च्या दशकातील आवृत्ती हाती आली, तर ती पूर्ण पाठाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. पुस्तकाचे प्रकाशनवर्ष हा या वाचनात ग्रंथपालाचा नव्हे, वाचकाचा विषय आहे. लाओ श यांचेच 'चहागृह' (१९५७) हे तीन अंकी नाटक १८९८ पासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंतचे चीन एका चहाच्या दुकानात उभे करते. छोटी, चुरचुरीत वाक्ये आणि प्रत्येक पात्राची निराळी बोली यांमुळे संवाद ऐकण्याचा सराव करण्यास ते उत्तम आहे.

१९४९ नंतरची भाषा

१९४२ मधील येनान येथील भाषणांत माओ यांनी साहित्य शेतकरी, कामगार व सैनिक यांच्यासाठी असावे असे प्रतिपादन केले आणि १९४९ नंतर तेच धोरण झाले. या काळातील शब्द कोशात सापडतात, त्यांचे वजन सापडत नाही. 'छंगफन' म्हणजे घटक. परंतु माणसाचा 'छंगफन' म्हणजे त्याच्या घराण्याचा शासनाने ठरवलेला वर्ग, ज्यावर शिक्षण, नोकरी आणि विवाह अवलंबून असत. 'तानवेइ' म्हणजे एकक. प्रत्यक्षात नोकरीबरोबर घर, दवाखाना आणि परवानग्या देणारी संस्था. 'आयरन' हा शब्द चीनमध्ये पती वा पत्नी या अर्थी रूढ झाला, तर तैवानमध्ये त्याचा अर्थ प्रियकर वा प्रेयसी असा राहिला. सांस्कृतिक क्रांतीच्या (१९६६–१९७६) काळावरील कथा वाचताना अशा शब्दांची स्वतंत्र वही ठेवणे उपयोगी पडते.

१९७७ मधील लिऊ शिनवू यांची 'वर्गशिक्षक' आणि १९७८ मधील लू शिनह्वा यांची 'व्रण' या कथांपासून 'व्रणसाहित्य' हा प्रवाह सुरू झाला. भाषेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे वळण वांग त्संगछी (१९२०–१९९७) यांच्या 'दीक्षा' (१९८०) या कथेने घेतले: घोषणांची भाषा पूर्णपणे बाजूला सारून त्यांनी तळ्याकाठच्या एका बालभिक्षूची गोष्ट शांत, साध्या गद्यात सांगितली. ते शन त्सोंगवन (१९०२–१९८८) यांचे विद्यार्थी होते आणि 'सीमेवरचे गाव' (१९३४) या शन यांच्या लघुकादंबरीशी त्या कथेचे नाते स्पष्ट दिसते. आ छंग यांची 'बुद्धिबळाचा राजा' (१९८४) वनयेनची काटकसर पुन्हा बोलभाषेत आणते. हान शावकोंग यांची 'माछ्याव कोश' (१९९६) ही कादंबरी तर हूनान प्रांतातील एका खेड्याच्या बोलीचा शब्दकोश म्हणूनच रचलेली आहे. मो यान (नोबेल पारितोषिक, २०१२) यांचे शानतोंग प्रांतातील काओमी परिसराचे गद्य वाक्यांच्या लोंढ्यामुळे आणि प्रादेशिक शब्दांमुळे नवख्याला दमवते. त्यांच्या कथांनी आरंभ करू नये.

वाचनाचा क्रम

मर्यादित शब्दांत लिहिलेली श्रेणीबद्ध पुस्तके हा पहिला टप्पा मानला जातो. पेकिंग विद्यापीठाच्या प्रकाशनाची 'हानयू फंग' ही माला ३०० शब्दांपासून सुरू होते. पाठ्यपुस्तकांतील साहित्यवेचे बहुधा संक्षिप्त व सोपे केलेले असतात. ते वाचणे आणि मूळ कृती वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ साहित्यात प्रवेशासाठी जू त्सछिंग यांचा 'पाठमोरी आकृती' (१९२५) हा लघुनिबंध पिढ्यान्पिढ्या वापरला गेला आहे. फूखौ स्थानकावर मुलासाठी संत्री आणायला फलाट चढणारे स्थूल वडील, एवढाच त्यातील प्रसंग. त्यात क्रियापदे अशी नेमकी आहेत की शरीराची प्रत्येक हालचाल शिकता येते. त्यानंतर यू हुआ यांची वर उल्लेखिलेली कादंबरी, जिचा निवेदक शेतकरी असल्यामुळे भाषा साधी आहे. श्याव होंग (१९११–१९४२) यांचे 'हूलान नदीची कथा' हे ईशान्य चीनमधील बालपणाचे चित्र छोट्या, पुनरावृत्त वाक्यांत आहे. चांग आयलिंग (१९२०–१९९५) यांचे गद्य 'लाल महालाचे स्वप्न'च्या वळणाचे आणि सूक्ष्म उपरोधाचे असल्याने ते नंतर घेतलेले बरे. विज्ञानाची आवड असलेल्यांना लिऊ त्सशिन यांची 'तीन पिंडे' (पुस्तकरूपाने २००८) अपेक्षेहून सोपी वाटते, कारण पारिभाषिक शब्दांची फोड पारदर्शक असते. संगणकाला चिनीत 'विजेचा मेंदू' म्हणतात.

भाषांतर शेजारी ठेवून वाचावे की नाही, याबाबत शिक्षकांत मतभेद आहेत. परिच्छेद आधी मुळातून वाचून मग भाषांतराशी ताडणे हिताचे. उलट क्रमाने डोळा मुळावरून केवळ सरकतो.

लिपी व कोश

१९५६ च्या योजनेनुसार चीनमध्ये अक्षरांचे सुलभीकरण झाले. त्याच सुमारास वृत्तपत्रे उभ्याऐवजी आडवी छापली जाऊ लागली आणि १९५८ मध्ये फिनयिन स्वीकारली गेली. तैवान व हाँगकाँग येथे पारंपरिक अक्षरे चालू राहिली. म्हणजे लू शुन यांच्या सर्व कृती मुळात पारंपरिक अक्षरांत आहेत आणि आजच्या चिनी आवृत्त्या हे लिप्यंतर आहे. मोडी आणि बाळबोध यांइतके अंतर या दोहोंत नाही. एक येत असल्यास दुसरीचे वाचन सरावाने जमते.

कोशांपैकी 'शिनह्वा' अक्षरकोश (१९५३) खिशात मावणारा आहे आणि 'आधुनिक चिनी शब्दकोश' (१९७८) प्रमाणभूत मानला जातो. लू शुन यांच्या काळातील वा जुन्या शब्दांसाठी बारा खंडांचा 'हानयू ता त्स्त्येन' पाहावा लागतो. चिनी-चिनी कोश वापरण्यास विद्यार्थी कचरतात. पण एका शब्दासाठी इंग्रजीतील पाच पर्याय पाहण्यापेक्षा चिनीतील एक व्याख्या अधिक काळ स्मरणात राहते.

बौद्ध शब्द आणि भारतातील अध्ययन

भारतीय वाचकाला आधुनिक चिनी गद्यात मधूनमधून ओळखीचे शब्द भेटतात. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांमुळे चिनीत आलेला 'छाना' हा 'क्षण' आहे, 'च्ये' हा 'कल्प', 'मो' हा 'मार', 'फूसा' म्हणजे 'बोधिसत्त्व' आणि 'छान' म्हणजे 'ध्यान'. मोगऱ्याच्या जातीच्या फुलाला चिनीत 'मोली' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'मल्लिका' आहे. हे शब्द आज चिनी लेखक त्यांचे मूळ न आठवता वापरतात.

विसाव्या शतकातील देवाणघेवाणीत रवींद्रनाथ ठाकूर यांची १९२४ ची चीन-यात्रा महत्त्वाची आहे. पिंग शिन (१९००–१९९९) यांच्या १९२३ मधील 'तारे' या लघुकवितांवर रवींद्रनाथांचा प्रभाव होता आणि पुढे त्यांनीच 'गीतांजली' चिनीत आणली. शांतिनिकेतन येथे १९३७ मध्ये 'चीना भवन' स्थापन झाले. महाराष्ट्रात चिनीचे अध्ययन प्रारंभी बौद्ध ग्रंथांच्या निमित्ताने झाले. पुण्याचे पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी पाली आणि चिनी पाठांची तुलना करणारे मोलाचे काम केले. ते अभिजात चिनीचे वाचन होते. जिवंत चिनी आत्मसात करणाऱ्या मराठी माणसांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) यांचे नाव घ्यावे लागते. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत गेलेले कोटणीस चिनी बोलण्या-लिहिण्यास शिकले आणि आघाडीवरील रुग्णालयात त्याच भाषेतून शिकवू लागले. चीनमध्ये ते 'ख तीह्वा' या नावाने ओळखले जातात. सध्या दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि शांतिनिकेतन येथील विश्वभारती येथे चिनी भाषा व साहित्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.